तेलविहिरीवरच्या यंत्रगाड्यांना आरटीओची पाटी का लागते?

२९ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्यातील काही गाड्यांविषयी एक निकाल दिला. या गाड्या कारखान्याच्या भिंतबंद आवारातच चालत होत्या, म्हणून त्या काळासाठी त्यांच्यावर मोटार वाहन कर लावता येणार नाही, असे न्यायालयाने ठरवले. क्रेन, पंप आणि रिग (विहीर खोदणारी किंवा दुरुस्त करणारी, मनोरा असलेली यंत्रणा) भाड्याने देणाऱ्या व्यवसायात या निकालाचा अर्थ पुष्कळदा सोयीने लावला जातो. 'कुंपणाच्या आत चालणाऱ्या यंत्राला आता पासिंगच लागत नाही,' असे म्हटले जाते. निकालात तसे म्हटलेले नाही. न्यायालयापुढचा प्रश्न कराचा होता आणि पासिंग, म्हणजे वाहनाची नोंदणी, ही त्याहून वेगळी बाब आहे. तेल व वायू क्षेत्रातील यंत्रांच्या बाबतीत तर हा फरक फार महागात पडू शकतो.

ठाणे-बेलापूर पट्टा, तळोजा, कळंबोली आणि उरण या भागांत हा विषय परका नाही. १९७४ मध्ये मुंबई हायला तेल सापडल्यानंतर उरणचा प्रक्रिया प्रकल्प, न्हाव्याचा पुरवठा तळ आणि पनवेलमधील ओएनजीसीच्या संशोधन संस्था यांमुळे या उद्योगाची पाळेमुळे येथे रुजली. समुद्रातील फलाटावर बसवलेल्या रिगचा आरटीओशी काही संबंध येत नाही, हे उघड आहे. परंतु नवी मुंबईतील एखाद्या कंपनीने ट्रकच्या चासीवर, म्हणजे इंजिन-चाकांसह असलेल्या मूळ सांगाड्यावर, पंप किंवा रिग बसवून ती गाडी अंकलेश्वर, मेहसाणा किंवा बाडमेरच्या जमिनीवरील तेलक्षेत्रात पाठवायची ठरवली, की प्रश्नांची रांग लागते. ही गाडी आहे की यंत्र? गाडी असेल तर कोणत्या वर्गातली? तिचा कर कोणी, कुठे आणि किती भरायचा? आणि दुसऱ्या राज्यात गेल्यावर त्या पाटीचे काय होते?

गाडी की यंत्र, हे कसे ठरते?

मोटार वाहन अधिनियम, १९८८ हा केंद्राचा कायदा आहे. त्याच्या कलम २(२८) नुसार यांत्रिक शक्तीने चालणारे आणि रस्त्यावर वापरण्याजोगे असलेले कोणतेही वाहन 'मोटार वाहन' ठरते. त्यात नुसती चासी येते आणि ट्रेलरही येतो. रुळांवर चालणारी वाहने मात्र यातून वगळलेली आहेत, आणि केवळ कारखान्यात किंवा इतर बंदिस्त आवारात वापरण्यासाठी बनवलेली खास प्रकारची वाहनेही वगळलेली आहेत.

यंत्राचे काम काय, हा प्रश्न या व्याख्येत कुठेच नाही. ते प्रवास कसा करते, एवढेच ती पाहते. उसाच्या रसाचा चरक दुकानाच्या फरशीत पक्का बसवलेला असेल, तर आरटीओला त्याच्याशी देणेघेणे नसते. तोच चरक टेंपोवर बसवून नाक्यानाक्यावर नेला, तर टेंपोची नोंदणी चुकत नाही. आणि चरक उचलून दुसऱ्याच्या टेंपोतून गावाला पाठवला, तर तो निव्वळ माल असतो आणि पाटी टेंपोला लागते.

तेलक्षेत्रातील यंत्रे याच तीन प्रकारांत विभागली जातात. जनरेटर, मड पंप (खोदकामातला चिखलवजा द्रव फिरवणारा पंप) किंवा टाक्या पुष्कळदा लोखंडी सांगाड्यावर बसवलेल्या असतात. या सांगाड्याला स्किड म्हणतात. त्याला चाके नसतात, क्रेनने उचलून तो ट्रेलरवर ठेवला जातो, म्हणून त्याची नोंदणी होत नाही. याउलट विहिरीची दुरुस्ती करणारी वर्कओव्हर रिग, विहिरीत सिमेंट भरणारे पंप किंवा केबलला बांधलेली उपकरणे खाली सोडून मोजमाप घेणारे लॉगिंग युनिट चासीवर बसवलेले असेल, तर ते मोटार वाहन ठरते. इंजिन नसलेला, दुसऱ्या गाडीने ओढायचा ट्रेलरसुद्धा व्याख्येतच येत असल्यामुळे 'याला स्वतःचे इंजिन कुठे आहे?' हा युक्तिवाद तेथे टिकत नाही.

'पण आमची गाडी तेलक्षेत्राबाहेर जातच नाही'

हा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो आणि तो वरवर पाहता रास्तही वाटतो. म्हणून त्याचा थोडा इतिहास पाहायला हवा.

खाणीतील डंपर आणि तत्सम यंत्रांवरून हा वाद न्यायालयात गेला, त्याला आता पन्नास वर्षे झाली. १९७४ च्या बोलानी ओअर्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, असे डंपर नोंदणीस पात्र असले, तरी ते केवळ खाणीच्या आवारात चालत असतील, तोवर त्यांच्यावर कर लागणार नाही. म्हणजे नोंदणी आणि कर या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, ही रेघ तेव्हाच ओढली गेली होती. पुढे १९९२ च्या सेंट्रल कोलफील्ड्स खटल्यात डंपर रस्त्यावर चालण्यास योग्य आहेत असे धरून कराच्या बाजूने निकाल लागला. २००१ च्या बोस अब्राहम खटल्यात एक्स्कॅव्हेटर आणि रोड रोलर हेही मोटार वाहनेच ठरले. या प्रवासातून हाती लागते ती कसोटी अशी की, मालक ती गाडी प्रत्यक्षात कुठे चालवतो यापेक्षा ती रस्त्यावर चालण्याजोगी बनवलेली आहे का, याला व्याख्येत अधिक वजन आहे.

तेलक्षेत्राची अडचण येथेच सुरू होते. पोलाद कारखान्याला भिंत असते, फाटक असते, फाटकावर सुरक्षारक्षक असतात. मेहसाण्यासारख्या तेलक्षेत्रात विहिरी शेतांमधून विखुरलेल्या असतात. एका विहिरीभोवती तारेचे कुंपण असेल, पण तेथून दुसऱ्या विहिरीकडे जायचे तर गावचा रस्ता, कधी जिल्हा मार्ग, कधी महामार्गही ओलांडावा लागतो. वर्कओव्हर रिगचा तर सारा उपयोगच या फिरण्यात आहे. एका विहिरीचे काम झाले की मनोरा आडवा करायचा आणि पुढच्या विहिरीवर जायचे. जी गाडी फिरण्यासाठीच बनवली, तिला 'केवळ बंदिस्त आवारासाठी बनवलेली' म्हणता येत नाही. एखाद्या तेलशुद्धीकरण कारखान्याच्या आत कायम राहणारी, रस्त्यावर चालण्याची सोयच नसलेली फोर्कलिफ्ट या अपवादात बसू शकेल. चासीवरची रिग मात्र बसणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

शिवाय कलम ३९ ची शब्दयोजना फार व्यापक आहे. नोंदणी नसलेले मोटार वाहन 'सार्वजनिक ठिकाणी किंवा इतर कोणत्याही ठिकाणी' चालवू नये, असे ते कलम म्हणते. एकदा यंत्र व्याख्येत बसले की 'आमच्या स्वतःच्या जागेत चालवतो' हा बचाव नोंदणीपुरता फारसा उरत नाही. कलम १९२ नुसार नोंदणीविना वाहन चालवल्यास पहिल्या गुन्ह्याला किमान २,००० आणि कमाल ५,००० रुपये दंड आहे. त्यानंतरच्या गुन्ह्याला किमान ५,००० आणि कमाल १०,००० रुपये दंड, एक वर्षापर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. कोट्यवधींच्या रिगपुढे ही रक्कम किरकोळ आहे, हे खरे. खरा फटका गाडी अडकून पडण्याचा आणि विम्याचा असतो. नोंदणी नसलेल्या गाडीचा अपघात झाला, तर विमा कंपनीच्या हाती दावा नाकारण्याचे कारण आपणच देऊन ठेवलेले असते.

एवढ्या अवजड गाडीला पांढरी पाटी कशी?

नोंदणी करायची ठरली, की पुढचा प्रश्न वर्गाचा येतो. कायद्यात वाहनांचे दोन मोठे वर्ग आहेत. माल किंवा प्रवासी वाहून नेणारे ते परिवहन वाहन. त्याला काळ्या अक्षरांची पिवळी पाटी, परमिट आणि ठरावीक मुदतीने घ्यावे लागणारे योग्यता प्रमाणपत्र लागते. उरलेले बिगर-परिवहन वाहन. त्याला पांढरी पाटी मिळते, परमिट लागत नाही आणि नोंदणी पंधरा वर्षांची असते. पंधरा वर्षांनंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांनी ती वाढवता येते.

कोणते वाहन कोणत्या वर्गात, याची यादी केंद्र सरकारने ५ नोव्हेंबर २००४ च्या अधिसूचनेत दिली आहे. तीत 'रिग, जनरेटर, कॉम्प्रेसर यांसारखी उपकरणे बसवलेली वाहने किंवा ट्रेलर' बिगर-परिवहन गटात आहेत. क्रेन बसवलेली वाहने, फोर्कलिफ्ट आणि बांधकाम उपकरण वाहनेही त्याच गटात आहेत. फिरती वर्कशॉप मात्र परिवहन गटात आहेत. त्यामुळे एकाच ताफ्यातील रिगला पांढरी पाटी आणि तिच्या दुरुस्तीसाठी हत्यारे घेऊन मागे धावणाऱ्या व्हॅनला पिवळी पाटी, असे चित्र दिसले तर त्यात चूक काही नाही.

यामागचे कारण कायद्यातील 'माल' या शब्दाच्या व्याख्येत आहे. गाडीबरोबर नेहमी वापरले जाणारे उपकरण हा माल नव्हे, असे ती व्याख्या सांगते. म्हणून रिगवर बसवलेला मनोरा आणि विंच माल ठरत नाहीत. पण त्याच गाडीवर दुसऱ्या विहिरीसाठी ड्रिल पाइपांची मोळी लादली, तर ती गाडी त्या फेरीपुरती मालवाहू ठरू शकते, कारण मालासाठी न बनवलेले वाहनही माल वाहण्यासाठी वापरले की कायद्याच्या लेखी ते मालवाहू असते. रिकामी फेरी कशाला घालवायची, या हिशेबाने पुष्कळ जण येथे अडकतात. अधिसूचनेतील 'यांसारखी' या शब्दावरूनही वाद होतात. सिमेंटिंग पंप किंवा लॉगिंग युनिट यादीत नावाने आलेले नाहीत आणि ते रिग-कॉम्प्रेसरच्या जातीचे आहेत, हे आरटीओतील मोटार वाहन निरीक्षकाला कागदपत्रांनिशी पटवून द्यावे लागते.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये २००० साली 'बांधकाम उपकरण वाहन' ही आणखी एक व्याख्या घालण्यात आली. खाण, उद्योग, सिंचन किंवा बांधकामासाठी बनवलेले, टायरवर किंवा पोलादी रोलरवर स्वतःच्या शक्तीने चालणारे आणि ज्याचे रस्त्यावरचे चालणे हे मुख्य कामाच्या तुलनेत आनुषंगिक आहे, असे हे वाहन असते. रस्त्यावर त्याने ताशी ५० किलोमीटरहून अधिक वेगाने जायचे नाही. नेहमीच्या ट्रकच्या चासीऐवजी खास बनवलेल्या वाहकावर उभारलेल्या यंत्रांसाठी ही व्याख्या महत्त्वाची आहे. साध्या ट्रकची रुंदी २.६ मीटरपेक्षा जास्त चालत नाही. बांधकाम उपकरण वाहनाला ३ मीटरपर्यंत मुभा आहे, पण २.६ मीटरच्या पुढे गेलेल्या भागावर पुढून-मागून पिवळे-काळे पट्टे रंगवावे लागतात आणि रात्रीसाठी लाल दिवे लावावे लागतात. या गाड्यांवर दिसणारे पट्टे शोभेचे नसतात, ते नियमातले असतात.

कागदपत्रे कुठे अडतात?

नवी मुंबईत राहणाऱ्या किंवा व्यवसाय करणाऱ्या मालकाने वाशीच्याच आरटीओत, म्हणजे एमएच ४३ मध्ये, नोंदणी केली पाहिजे असे आता राहिलेले नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर राज्यातील कोणत्याही नोंदणी कार्यालयात ती करता येते. मग ते ठाण्याचे एमएच ०४ असो की पनवेलचे एमएच ४६.

अर्ज फॉर्म २० मध्ये करायचा असतो. फॉर्म २१ हे विक्रीचे प्रमाणपत्र आणि फॉर्म २२ हे गाडी नियमांप्रमाणे बनवल्याचे उत्पादकाचे प्रमाणपत्र. चासी एकाची आणि त्यावरची उभारणी दुसऱ्याची असेल, तर उभारणी करणाऱ्याचे फॉर्म २२-अ लागते. तेलक्षेत्रातील गाड्यांचे घोडे बहुधा येथेच अडते. चासी नामांकित कंपनीची असते, तिचे कागद चोख असतात. वरची उभारणी मात्र एखाद्या वर्कशॉपने केलेली असते आणि त्या उभारणीसह गाडीच्या प्रारूपाला मान्यता घेतलेलीच नसते. ही मान्यता देणाऱ्या संस्थांमध्ये पुण्याच्या एआरएआय आणि सीआयआरटी आहेत, तसेच अहिल्यानगरची व्हीआरडीई आहे. साधा ट्रक म्हणून नोंदणी करून घ्यायची आणि मग शांतपणे त्यावर पंप बसवायचा, ही पळवाट कलम ५२ ने बंद केली आहे. नोंदणीतील तपशिलाशी विसंगत असा बदल मान्यतेशिवाय करता येत नाही.

परदेशातून आणलेल्या रिगला सीमाशुल्क भरल्याचे किंवा त्यातून सूट मिळाल्याचे कागदही जोडावे लागतात. तेल शोधण्याच्या कामासाठी आयात होणाऱ्या सामग्रीला हायड्रोकार्बन महासंचालनालयाच्या प्रमाणपत्रावर शुल्कात सवलत मिळू शकते. पण ती सवलत सीमाशुल्कातली आहे आणि आरटीओच्या कराशी तिचा संबंध नाही. हे दोन्ही एकच समजून 'आम्हाला तर सूट आहे' असे सांगत खिडकीवर उभे राहिलेले प्रतिनिधी मी पाहिले आहेत.

'रस्ता वापरतच नाही, तर कर कशाला?'

आता मूळ निकालाकडे वळू. राज्यघटनेच्या राज्यसूचीतील ५७ व्या नोंदीनुसार रस्त्यावर वापरण्यास योग्य अशा वाहनांवर कर बसवण्याचा अधिकार राज्यांना आहे. नोंदणीचा कायदा केंद्राचा असला, तरी कराचा कायदा प्रत्येक राज्याचा वेगळा असतो, आणि गोंधळाचे मूळ येथे आहे. आंध्र प्रदेशच्या कायद्यातील कर 'सार्वजनिक ठिकाणी' वापरल्या जाणाऱ्या किंवा वापरासाठी ठेवलेल्या वाहनावर आहे. विशाखापट्टणमच्या खटल्यातील ३६ गाड्या पोलाद कारखान्याच्या माल पाठवण्याच्या आवारात काम करत होत्या. त्या आवाराला भिंत होती, फाटकांवर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा पहारा होता आणि लोकांना तेथे मुक्त प्रवेश नव्हता. म्हणून ती जागा सार्वजनिक नव्हे, असे न्यायालयाने धरले आणि २२,७१,७०० रुपये परत करण्याचा, उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने रद्द केलेला आदेश पुन्हा लागू केला. हा कर म्हणजे रस्त्यांच्या सोयीचा मोबदला आहे, त्यामुळे जो रस्ता वापरत नाही, त्याच्यावर तो पडू नये, असा तर्क त्यामागे आहे.

महाराष्ट्र मोटार वाहन कर अधिनियम, १९५८ ची भाषा वेगळी आहे. राज्यात वापरलेल्या किंवा 'वापरण्यासाठी ठेवलेल्या' वाहनावर येथे कर आहे आणि नोंदणी ज्याच्या नावावर आहे, त्याने ते वाहन वापरले असेच गृहीत धरले जाते. वाहन वापरात नव्हते, असे कर प्राधिकरणाने विहित पद्धतीने प्रमाणित केले असेल, तेवढ्याच काळाला सवलत मिळते. न्यायालयाचा तर्क महाराष्ट्रातील मालकाला उपयोगी पडणारच नाही, असे मी म्हणत नाही. पण आंध्रच्या निकालाची प्रत जोडली की काम झाले, इतके ते सोपे नाही. रिग सहा महिने तळोज्याच्या यार्डात उभी राहणार असेल, तर तशी सूचना कर प्राधिकरणाला आधी देऊन ठेवणे, हा त्यातल्या त्यात भरवशाचा मार्ग आहे.

राज्याच्या मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात क्रेन, कॉम्प्रेसर, प्रोजेक्टर, एक्स्कॅव्हेटर अशा प्रकारच्या वाहनांना किमतीच्या ७ टक्के दराने एकरकमी कर लावण्याची घोषणा झाली. दरवर्षी थोडा थोडा कर भरण्याची सवय असलेल्या मालकाला हा आकडा एकदम मोठा वाटतो. 'किंमत' कशाची धरायची, हा प्रश्न तर आणखी टोकदार आहे, कारण तेलक्षेत्रातील गाडीत चासीपेक्षा तिच्यावरचे यंत्र कितीतरी पट महाग असते. म्हणून चासी आणि उभारणी यांची बिले स्पष्ट आणि आकारणीपूर्वी तयार असावीत.

गुजरातमध्ये गेल्यावर एमएचची पाटी चालते का?

काही काळ चालते. कलम ४७ नुसार वाहन दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवले, तर तेथे नवी नोंदणी घ्यावी लागते. त्यासाठी मूळ आरटीओकडून फॉर्म २८ वर ना-हरकत प्रमाणपत्र घ्यायचे आणि नव्या राज्यात फॉर्म २७ ने अर्ज करायचा असतो. आपल्याकडच्या सोसायट्यांमध्ये बोअर मारायला येणाऱ्या गाड्यांवर तमिळनाडूतील तिरुचेंगोडेची पाटी पुष्कळदा दिसते. त्या गाड्या सतत राज्ये बदलत असतात, त्यामुळे हा नियम त्यांच्याबाबतीत सिद्ध करणे अवघड जाते. तेलविहिरीच्या कंत्राटाचे तसे नसते. काम कोठे आणि कधीपासून सुरू झाले, हे कंत्राटाच्या कागदावरच लिहिलेले असते, त्यामुळे बारा महिने कधी उलटले, हे कोणालाही मोजता येते. नव्या राज्याच्या कराची मागणी मात्र बारा महिन्यांची वाट पाहीलच असे नाही. तो त्या राज्याच्या कायद्याचा प्रश्न आहे आणि कंत्राटाचा दर ठरवताना तो हिशेबात धरलेला असावा.

पाटी मिळाली, आता विहिरीवर जाता येईल?

आरटीओची पाटी फक्त रस्त्यापुरती असते. विहिरीच्या परिसरातील सुरक्षेसाठी तेल खाण विनियम, २०१७ आहेत आणि त्यांची अंमलबजावणी खाण सुरक्षा महासंचालनालय करते. विहिरीच्या नळीला छिद्रे पाडण्याची स्फोटके नेणाऱ्या गाडीला नागपुरात मुख्यालय असलेल्या पेसो या संस्थेचा परवाना लागतो. लॉगिंगच्या उपकरणात किरणोत्सारी स्रोत असेल, तर अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते. चालकाच्या परवान्यावरही त्या वर्गाच्या वाहनाची नोंद असावी लागते. केवळ अवजड ट्रकचा परवाना पुरेसा आहे असे गृहीत धरू नये.

जुनी रिग विकत घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. अशा गाडीवर अनेकदा दोन इंजिने असतात, एक गाडी चालवणारे आणि दुसरे वरचे यंत्र फिरवणारे. नोंदणीच्या पुस्तकात असतो तो गाडी चालवणाऱ्या इंजिनाचा क्रमांक. ते इंजिन मधल्या काळात बदललेले असेल आणि त्याची नोंद आरटीओत झालेली नसेल, तर मालकी हस्तांतराच्या वेळी क्रमांक जुळत नाहीत आणि व्यवहार खोळंबतो. म्हणून पैसे देण्याआधी चासीवर कोरलेला क्रमांक, चालत्या इंजिनाचा क्रमांक आणि वाहन पोर्टलवरील नोंद यांचा मेळ स्वतः घालून पाहावा, आणि बँकेच्या कर्जाचा बोजा उतरला आहे की नाही, हेही त्याच वेळी तपासावे.